पहिल्या खेपेची डिस्क

सोमवार, ४ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. इकडे कंबर सोडून सगळं ठीक आहे. डॉक्टर म्हणतात खुर्ची बदला. ऑफिसवाले म्हणतात खुर्ची नवीन आहे, तुम्ही बसायची पद्धत बदला. तेव्हा सध्या मी उभ्यानेच काम करतो. काम तेच, लिफ्टचं सॉफ्टवेअर तपासायचं. दिवसभर चौथा मजला, पाचवा मजला, दरवाजा बंद होत आहे. बोलणारी बाई थकत नाही, ऐकणारा थकतो.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही 'हं, हं' करता, मागे कोणीतरी गिऱ्हाईक चष्म्याची फ्रेम लावून 'ही जरा मोठी वाटते का हो' विचारत असतं, आणि मी ज्यासाठी फोन केलेला असतो ते राहून जातं. कागदावर तुम्हाला मधे 'हं' म्हणता येणार नाही.

खारू रविवारी येऊन गेली. आल्या आल्या टेबलावरच्या पेन्सिलीचं टोक कुरतडलं. चौदा वर्षांची झाली, तरी ताईने ठेवलेलं टोपणनाव खरं करून दाखवते आहे. बोलता बोलता म्हणाली, "मामा, सोळा तारखेला बाबा मला घेऊन जाणार आहेत. आईचा आवाज सापडलाय."

मी म्हटलं, "अरे वा."

तिने पिशवीतून नवे इअरफोन काढून दाखवले. अजून खोक्यातच होते. "तिथल्या आजोबांचे असतील, पण दुसऱ्याच्या कानातले नकोत. आईला पहिल्यांदाच ऐकायचंय ना."

मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेलो. ती दारात येऊन उभी राहिली. "कसा होता रे आवाज?" मी म्हणालो, "ऐकशीलच की." असो.

भाऊजी, या प्रवासाबद्दल जरा स्पष्ट लिहितो. दीड दिवस जायला, दीड दिवस यायला, तेही एका निवृत्त ग्रंथपालाच्या भरवशावर. त्यांच्याकडे त्या मासिकाचा न फोडलेला अंक आहे आणि आत डेमोची डिस्क आहे, इथपर्यंत मानलं. पण ती पहिल्या खेपेचीच, ताई बोलते तीच, हे त्यांनी कशावरून ठरवलं? अंक फोडलेला नाही, तर त्यांनी ऐकलं कसं? तुमच्याकडे आजवर अशा बावीस डिस्क आल्या. प्रत्येक वेळी तुम्ही दार लावून, एकट्यानेच कानाला लावून ऐकलंत आणि बाहेर येऊन नुसती मान हलवलीत. खारूला त्यातली एकही ऐकू दिली नाहीत. मग या वेळी तिला बरोबर नेण्याची घाई कशाला? तिची परीक्षा पण जवळ आहे.

त्यापेक्षा मी जातो. कंबर गाडीत आडवी टाकेन. असेल तर घेऊन येईन, नसेल तर एकट्याने परत येईन. माझ्या एकट्याच्या निराशेला तिकीट कमी लागतं.

त्या ग्रंथपालांबद्दलचा तुमचा निरोप आल्यापासून मी पुन्हा तीच जुनी यादी उघडून बसतो. तुम्ही ती छापून दुकानात गल्ल्याखाली ठेवली आहे, असं खारू म्हणाली. माझ्या जुन्या कंपनीच्या होडीच्या कॉम्प्युटर-खेळाचा डेमो आणि बाजारात आलेला खेळ, यांतले पंधरा फरक. मी ती जुन्या खेळांच्या साइटवर टाकली तेव्हा वाटलं होतं, कोण वाचणार? पण जगात अशी माणसं आहेत. पोटापाण्याचे उद्योग करून संध्याकाळी भांडतात की डेमोतली होडी हिरवी होती की पोपटी. (हिरवी. खेळात ती लाल झाली, कारण धुक्यात हिरवी दिसेना.) डेमोत दीपगृहाच्या तिसऱ्या पायरीवर मांजर बसायचं, ते खेळात नाही. ते मांजर कधीकधी पायरीतून आरपार पडायचं, आणि मालक म्हणाले, मांजर दुरुस्त करायला वेळ नाही, मांजर काढा. डेमोत बुडालात तर नुसते गुडघाभर पाण्यात उभे राहायचात. खेळात मरायचात. डेमोच्या शेवटी धुकं उघडून मागे एक बेट दिसायचं, तिथे कधीच पोचता यायचं नाही, कारण ते बेट नव्हतंच, रंगवलेला पडदा होता. एकाने मला कळवळून लिहिलं होतं की तो लहानपणी एक अख्खी सुट्टी त्या बेटाकडे होडी हाकत होता.

ताईने विचारलं होतं, डेमो म्हणजे काय रे? मी काही सांगायच्या आत तुम्ही म्हणालात, "कापड घ्यायच्या आधी दुकानदार चिंधी दाखवतो, तसं." इतक्या वर्षांत मला याहून चांगलं सांगता आलेलं नाही.

तिकिटं काढली नसतील तर थांबा. काढली असतील तर माझ्या नावावर करता येतील का बघा. उत्तर लवकर द्या. खारूला एक टपली.

तुमचा,
मेव्हणा


शनिवार, ९ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचा निरोप मिळाला. "तिकिटं दोन काढली. खारू ऐकत नाही. तुम्हीही चला मेव्हणे, तुमच्याशिवाय तो खेळ लावायचा कोणी?" दोन दिवस मी हे वाचतो आहे. मागचं पत्र कंबर, परीक्षा आणि मांजर यांनी भरून काढलं. आता तेवढीही जागा नाही.

जाऊ नका. त्या डिस्कवर ताई नाही. कुठल्याच डिस्कवर नाही. पहिली खेप, दुसरी खेप असं काही नव्हतंच. एकच खेप निघाली आणि तिच्यावर तीच परकी बाई आहे जी तुम्ही बावीस वेळा ऐकलीत. पहिली खेप मी तयार केली, तुमच्यासमोर उभा राहून, एका वाक्यात.

आता सगळं क्रमाने लिहितो. मधे थांबलो तर पुन्हा लिहायला बसणार नाही.

ताईचा आवाज आम्ही सामानाच्या खोलीत घेतला, हे तुम्हाला माहीत आहे. भिंतींना गाद्या उभ्या केल्या होत्या. तिला सातवा महिना होता, खारूचा. होडीवाल्याला बिनतारी यंत्रावरून वाट सांगणारी बाई हवी होती आणि खरी कलावंत मिळेपर्यंत कोणाचा तरी आवाज लावायचा होता. ताई म्हणाली, "अरे ठोंब्या, मी रोज चाळीस पोरांना शुद्धलेखन घालते, तुझी एक होडी काय जड आहे?" आणि तिने शुद्धलेखनच घातलं. 'डावीकडे खडक आहे... खडक आहे. सावकाश घे... सावकाश.' प्रत्येक शेवटचा शब्द दोनदा, पोरांची पेन्सिल मागे राहू नये म्हणून. मधे दम लागायचा, तेव्हा पोटावर हात ठेवून थांबायची. शेवटच्या वाक्यानंतर 'झालं का रे?' म्हणून हसली, तेही आम्ही तसंच ठेवलं.

डेमो मासिकाच्या डिस्कवर जायचा होता. एका डिस्कवर सहा जणांचे सहा डेमो, प्रत्येकाला जागा ठरलेली. डिस्क पाठवायच्या दिवशी दुपारी कळलं की आपला डेमो ठरल्यापेक्षा मोठा झाला आहे. मालकांनी माझ्यापुढे कागद टाकला. काय काय काढता येईल याची यादी होती. मांजर, बेट, पावसाचा एक आवाज, सुरुवातीचं चित्र, बिनतारी यंत्रावरची बाई. "तू तपासनीस आहेस, कशाशिवाय चालेल ते तूच सांग." प्रत्येक गोष्टीमागे खोलीतलं एकेक माणूस होतं. मांजर काढलं असतं तर चित्रकार रुसला असता. बेट काढलं असतं तर दुसरा. ताईचे आवाज लांब होते, शेवटचा शब्द दोनदा असल्यामुळे जास्तच लांब. ध्वनिवाल्याकडे विकत घेतलेल्या तयार आवाजांत एक बाई होती. 'डावीकडे. उजवीकडे. थांबा. पुढे चला.' चिमूटभर जागा. मी ताईवर खूण केली. परक्याचं काम कापलं असतं तर भांडण झालं असतं. घरच्या माणसाचं कापायला कोणाची परवानगी लागत नाही.

मला वाटलं, सांगू दोन दिवसांनी. तोवर तिने शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं. अंक आला तेव्हा खारू दीड महिन्याची होती. ताईने तो तुमच्याकडून मागवला आणि मला फोन केला, "ये आणि लावून दे, तुझ्या भाचीला तिची आई ऐकवायची आहे." मी पंधरा दिवस टाळलं. मग ऑफिसातली आमची कामाची प्रत बॅगेत घालून आलो. तुम्ही यंत्राची वायर शोधत होतात तेवढ्यात अंकाच्या पाकिटातली डिस्क काढून घेतली आणि माझी आत सरकवली.

तुम्ही ऐकलंत, भाऊजी. तुमच्या घरात, तुमच्या डोळ्यांदेखत, मासिकाच्या पाकिटातून निघालेल्या डिस्कवर ताई बोलली. म्हणून तुमचा विश्वास कोणी हलवू शकलं नाही. तुम्हाला आठवतं त्यात खोटं काहीच नाही. ताई खारूला मांडीवर घेऊन ऐकत होती आणि म्हणाली, "मी अशी बोलते? बापरे, पोरांचे हाल आहेत." तुम्ही म्हणालात, "माझे पण." मीही हसलो.

ऑफिसची प्रत नंबर घातलेली असायची, परत करावी लागायची. निघताना ती बॅगेत घातली. मासिकाची डिस्क पाकिटात परत ठेवायची राहिली. पाकीट रिकामं होतं. खेळ बाजारात गेल्यावर कामाच्या सगळ्या प्रती मोडून टाकायचा नियम होता. नंबर सतरा मी स्वतः मोडली. तेव्हा ताई धडधाकट होती. हवा तेव्हा तिचा आवाज फोन करून ऐकता येत होता. मला त्यात काही मोडतंय असं वाटलं नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी ताप आला आणि आठवडाभरात ताई गेली.

लग्नाच्या चित्रफितीत ती बोलताना दिसते आणि ऐकू येते बासरी, कारण छायाचित्रकाराने अथपासून इतिपर्यंत बासरी चढवली आहे. दुसरं काही नव्हतं. तेव्हा तुम्हाला ती डिस्क आठवली. अंक शोधला, तर तुमच्या आईंनी मासिकांचा गठ्ठा रद्दीत दिला होता. तुम्ही त्यांना काय म्हणालात ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं. "तू माझ्या बायकोचा आवाज किलोवर विकलास."  दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, "तुझ्या ओळखीची रद्दीची दुकानं आहेत का रे?"

मी त्यांच्याबरोबर तीन दुकानं फिरलो, भाऊजी. त्या गठ्ठे सोडायच्या, प्रत्येक अंकाचं पाकीट चाचपायच्या. त्यांना डिस्क म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. "चकचकीत असते ना?" असं दर वेळी विचारायच्या. मी हो म्हणायचो आणि दुसरा गठ्ठा सोडायचो. पाकीट रिकामं होतं हे मला माहीत होतं. त्या गेल्या तोवर पाच वर्षं तुम्ही त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होतात. त्यांनी काहीही टाकलेलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही दुसरीकडून तोच अंक मिळवलात, लावलात, आणि परकी बाई बोलली. माझ्याकडे आलात. तुमचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि माझ्या तोंडून निघालं, "पहिल्या खेपेत ताई होती. नंतर बदलली." तुम्हाला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही. त्या यादीतला नववा फरक मी नंतर घातला. 'पहिल्या खेपेच्या डेमोत वेगळी बाई आहे, दम लागल्यासारखी बोलते, शेवटचा शब्द दोनदा म्हणते.' वाटलं, निदान मांजराशेजारी तिला जागा मिळेल.

आणि माणसांना ती आठवायला लागली. चाळीस जणांनी खाली लिहिलं. हो हो, दमल्यासारखी बोलायची. हो, शब्द दोनदा. ज्यांनी तिला कधीच ऐकलेलं नाही त्यांना ती स्वच्छ आठवते. फक्त एकाने असं लिहिलं जे मी लिहिलं नव्हतं: 'शेवटी ती हसते.' ते मी चार वेळा वाचलं. दोन दिवस मी वेड्यासारखा मानून बसलो की कुठेतरी खरंच एखादी प्रत सुटली असेल. मग लक्षात आलं. त्या लिहिणाऱ्याने लावलेलं टोपणनाव तुमच्या दुकानाच्या पाटीवर आहे. चाळीस साक्षीदारांत खरे तुम्ही एकटेच. आता ते ग्रंथपाल म्हणतात, 'हो, त्यात शेवटी हसते ती.' ते तुमचंच वाक्य तुमच्याकडे फिरून आलं आहे.

मी शोधलं नाही असं समजू नका. कंपनी बंद पडली तेव्हा यंत्रं पुसून विकली गेली. ध्वनिवाल्याला गाठलं. त्याच्या फिती भिजून एकमेकींना चिकटल्या होत्या, तरी मी त्या आणल्या, सोडवल्या, लावल्या. चार फितींवर लाटा आहेत. एकीवर तो स्वतः शिट्टी वाजवतो आहे.

खारूला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. माझं नाव सांगा. त्या पोरीला दीड दिवस गाडीत बसवून, नवे इअरफोन कानात घालून, परक्या बाईपुढे नेऊन बसवू नका, एवढंच मागतो. यादीतला नववा फरक मी आज काढून टाकला आहे आणि पहिली खेप अशी नव्हती हे खाली लिहिलं आहे.

माफी मागत नाही. ती तुमच्या आईंपासून सुरू करावी लागेल, आणि तिथे आता पोचता येत नाही.

तुमचा मेव्हणा म्हणवून घ्यायचं की नाही, ते तुम्ही सांगेपर्यंत नाव घालत नाही.


गुरुवार, २८ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, पत्र उशिरा पोचलं असेल. मी त्या आशेवर, आशाच म्हणायची, दोन आठवडे काढले.

काल खारू आली होती. तिच्याकडून कळलं की पत्र तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी पोचलं. "बाबांनी दुकानात उभ्यानेच वाचलं. मग दिवसभर काचा पुसत होते, पुसलेल्या परत पुसत होते. मी विचारलं, मामा काय म्हणतो? तर म्हणाले, जपून जा म्हणतो."

पुढचंही तिने सांगितलं. मी विचारलं नाही, तिला थांबवताही आलं नाही. ग्रंथपालांच्या स्वयंपाकघरात यंत्र मांडलेलं होतं. तुम्ही अंकाचा प्लास्टिक कागद कापलात, डिस्क खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिलीत, नेहमीसारखी. मग एकट्याने ऐकलंत. ती म्हणाली, "मला वाटलं आता बाबा मान हलवणार. मी तयारीच करून बसले होते. पण बाबा म्हणाले, हीच. ये, बस. ही तुझी आई."

तुमच्या खिशात माझं पत्र होतं तेव्हा.

तिने ते फोनमध्ये घेऊन ठेवलं आहे. मला ऐकवलं. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. 'डावीकडे. उजवीकडे. थांबा. पुढे चला.' ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "मामा, आहे ना? तुझ्या आवाजाची थोडी झाक आहे, नाही?"

मी म्हणालो, "आहे."

मग तिने विचारलं, आणि याची मला तयारी नव्हती, "पण तू म्हणायचास आई शेवटचा शब्द दोनदा म्हणायची. इथे नाही म्हणत." मी म्हणालो, "ते शाळेत. इथे मीच तिला सांगितलं होतं, एकदाच म्हण." तिला पटलं. "आणि मला वाटलं होतं 'चल' म्हणेल. चला काय, मी काय मोठी बाई आहे?" असं म्हणून हसली, आणि हसताना अगदी ताई. त्या चार शब्दांत तिने बिचारीने आई शोधून काढली आहे. कुठे थांबते, कुठे श्वास घेते, सगळं मला समजावून सांगत होती. सकाळी उठायचा गजरही तोच लावला आहे.

दोन आठवड्यांपूर्वी मी तुम्हाला लिहिलं असतं की हे काय केलंत. आता लिहिणार नाही. तुम्हीच म्हणायचात, पोरीच्या कानात परक्या बाईचा आवाज आई म्हणून बसायला नको. तोच माणूस त्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, एवढं तिला द्यायला तयार झाला. शोधत राहिलात तर तिच्या वाट्याला रोज थोडी थोडी निराशा आली असती, हे मला कळतं. मी 'पहिली खेप' म्हणालो तेव्हा मलाही असंच काहीतरी कळलं होतं.

बावीस डिस्क तुम्ही आल्या आल्या मोडून टाकल्यात असंही म्हणाली. "बाबा म्हणाले आता काय गरज." तुम्ही का मोडल्यात हे जगात दोघांनाच माहीत आहे.

त्या साइटवरची दुरुस्ती मी काल काढली. नववा फरक परत घातला, पण बदलून. 'पहिल्या खेपेच्या डेमोतली बाई शांत, मोजकं बोलते.' दम लागणं, शब्द दोनदा म्हणणं, शेवटचं हसणं, सगळं पुसलं, कारण खारू तिथे वाचायला जाणार. तुम्ही लिहिलेलं वाक्य तुम्ही काढा. ते मला काढता येत नाही. कोणीतरी भांडेल, की नाही, ती बाई दोनदा म्हणायची, मला पक्कं आठवतं. त्यांच्याशी वाद घालायचं काम मी करेन.

यापुढे खारू मला विचारेल तेच तुम्हालाही विचारेल. आपली उत्तरं जुळली पाहिजेत. ताई मोजकं बोलायची. ताईचा आवाज जरा कोरडा होता. ती होडीवाल्याला 'अहो' म्हणायची. एवढं पाठ करून ठेवा. तुमच्या आईंचा विषय मी खारूपुढे कधी काढलेला नाही, तुम्ही काढू नका. त्यांच्यासाठी दुरुस्ती करायला आता कुठे जागाच राहिली नाही. त्यांनी रद्दीत काय दिलं ते आता आपल्या गोष्टीत तसंच राहणार.

आणखी एक, ते तुम्हालाही होतंय का मला माहीत नाही. काल ती गेल्यावर मी बसून ताईचा आवाज आठवायला लागलो. सामानाची खोली दिसली, गाद्या दिसल्या, पोटावर हात ठेवून थांबलेली ताई दिसली. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, 'थांबा. पुढे चला.' मी पुन्हा पुन्हा मागे गेलो, 'ठोंब्या'पासून सुरुवात करून पाहिली. ठोंब्यासुद्धा ती त्याच बाईच्या आवाजात म्हणाली. तुमच्याकडे अजून खरी असेल तर मला सांगू नका. आणि कशी होती ते खारूला चुकूनही दाखवू नका.

हे वाचून झालं की ठेवू नका. पत्राच्या शेवटी कळावे लिहायची आयुष्यभराची सवय आहे, ती आज मोडतो. हे कोणालाही कळू नये.

तुमचाच,
मेव्हणा